भाऊकाका अजून जिवंत आहेत

मराठी मालिकेतल्या नटाला दोन गोष्टींची भीती असते. एक हाराची आणि दुसरी अमेरिकेची. हार चंदनाचा. हॉलमधल्या भिंतीवर आपल्या फोटोला तो एकदा लागला की पात्राचा कारभार आटोपला. अमेरिका त्या मानानं बरी, तिथून परत येता येतं; पण चॅनेलनं बोलावलं तर. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले भाऊकाका गेली वीस-बावीस वर्षं ह्या दोन्हींना हुलकावणी देत आले आहेत.

त्यांचं खरं नाव मी इथं देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. खालच्या पत्रपेटीवर ते आहे, आणि ते वाचून कुरिअरवाला वॉचमनला विचारतो, "हे इथं राहतात का?" वॉचमन म्हणतो, "नाही बुवा." मग कुरिअरवाला फोन लावतो, काकू गॅलरीतून डोकावतात आणि वॉचमन कपाळावर हात मारून घेतो, "अरे, भाऊकाका म्हण की मग!" भाऊकाका हे एका मालिकेतल्या पात्राचं नाव. मालिका कधीच बंद पडली, नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर ते आबा झाले, तात्या झाले, मध्यंतरी एका मालिकेत तर 'मोठे मालक' होते. सोसायटीनं एकही बढती मान्य केली नाही.

तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. नायिकेच्या सासरचा तो भलामोठा हॉल आठवा. मधोमध उतरणारा जिना, ज्यावरून खलनायिका सावकाश उतरते. त्या जिन्याच्या डाव्या अंगाला, खांबाला खेटून, झब्बा-जाकीट घातलेले आणि दोरीचा चष्मा गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ उभे असतात ना, तेच. नायकाचे काका, नाहीतर नायिकेचे वडील, नाहीतर नायकाच्या कैलासवासी वडिलांचे परममित्र. ते त्या घरात नेमकं काय करतात हे कोणी सांगू शकत नाही. कधी ते निवृत्त मास्तर असतात, कधी कंपनीचे भागीदार. पण त्यांना कचेरीला जाताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. घरात कारस्थान शिजत असतं तेव्हा ते पेपर वाचत असतात. कारस्थान उघडकीला आलं की पेपर खाली करतात. हा पेपर खाली करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. आधी एक कोपरा, मग डोळे, मग चष्मा, आणि मग "हे काय ऐकतोय मी?"

ह्या चार शब्दांवर त्यांचं घर चाललंय, असं म्हणायला हरकत नाही. म्हणजे संवाद तेवढाच असतो. बाकी सगळी रिअ‍ॅक्शन.

रिअ‍ॅक्शन ही चीज समजल्याशिवाय भाऊकाका समजायचे नाहीत. नायिका म्हणते, "हे लग्न होऊ शकत नाही!" हॉलमध्ये घरची चौदा माणसं हजर. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर घेतात, मग एकेकाचा क्लोज. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता गोष्ट उरते एकवीस-बावीस मिनिटांची, आणि असे आठवड्याला सहा भाग द्यायचे. 14 चेहऱ्यांना प्रत्येकी 3 सेकंद दिले तरी 42 सेकंद झाले. तेच चेहरे दोनदा फिरवले की जवळजवळ दीड मिनिट. लेखकाला तेवढंच कमी लिहावं लागतं. म्हणून लोक ज्याला पाणी घालणं म्हणतात त्याला भाऊकाका हिशेब म्हणतात, आणि बँकेत उमेदीची वर्षं काढलेला माणूस हिशेबाबद्दल बोलतो तेव्हा आपण गप्प बसावं.

एकदा त्यांच्याबरोबर सेटवर गेलो होतो. काशिमिऱ्याच्या बाजूला एका बंगल्यात शूटिंग होतं. दिग्दर्शक म्हणजे काकांच्या मुलाच्या वयाचा पोरगा, मान मोडून मॉनिटरमध्ये घातलेली. तिथूनच ओरडला, "काका, एक शॉक द्या." काकांनी दिला. "मस्त. आता शॉक, पण थोडा संशय." दिला. "आता नुसतं जिन्याकडे बघा." काका म्हणाले, "कोण उतरतंय?" तो म्हणाला, "ते नंतर ठरवू. तुम्ही बघून ठेवा." काकांनी बघून ठेवलं. हे बघून ठेवलेलं पुढं कुठं वापरलं जाईल ह्याचा नेम नसतो. साखरपुडा मोडला म्हणून दिलेला एक झकास धक्का पुढं एका भागात गॅसचा सिलिंडर संपल्यावर वापरला गेला. फक्त कंटिन्युइटी जुळावी म्हणून त्या दिवशी काकांना तेच जाकीट चढवायला लावलं. सिलिंडरच्या बातमीनं इतका हादरलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता हा माणूस मुळात नाटकवाला. त्यांच्या बोलण्यात ते येतंच. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी बँक सुटल्यावर रात्री एकपर्यंत चालायच्या, साहेब नाटकवेडा असला तर दुपारीच सुटका व्हायची. एक संवाद, त्याची पूर्वपीठिका, तो म्हणताना पात्राच्या मनात काय चाललंय, ह्यावर आठवडा जायचा. तो काळ दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिकांचा होता. आठवड्याला एक भाग, तीन महिन्यांत गोष्ट संपली की नट पुन्हा आपल्या कामाला. तशा एका मालिकेत काका पोस्टमन होते. तार देऊन जायचं. ती तार द्यायची कशी, हसत की गंभीरपणे, ह्यावर ते दिग्दर्शकाशी भांडले होते. कारण तारेत काय आहे हे पोस्टमनला ठाऊक असतं की नसतं, ह्याचा निकाल लागत नव्हता.

मग दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. 1999 साली अल्फा मराठी आलं, 2000 मध्ये ई-टीव्ही मराठी. आणि 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. बँका माणसं सोडत होत्या आणि चॅनेलांना माणसं हवी होती, तीही अशी की घरात वडीलधारी शोभतील. मराठी मालिकांमधल्या सासऱ्यांची एक आख्खी पिढी बँकेच्या व्हीआरएसमधून आली, असा काकांचा सिद्धान्त आहे. त्याला पुरावा म्हणून ते स्वतःकडे बोट दाखवतात. 'आभाळमाया', 'वादळवाट' घरोघरी लागायच्या ते दिवस. 'चार दिवस सासूचे' 2001 मध्ये सुरू झाली ती 2013 उजाडल्यावरच थांबली, तीन हजारांवर भाग झाले. काकांनी तेव्हाच ताडलं की हा तेरा भागांचा धंदा राहिलेला नाही, इथं पेन्शन आहे.

त्यांचं पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा ते सत्तेचाळीसचे होते आणि पात्र पासष्टचं. रोज मेकअपदादा केसांना पांढरं लावायचा. आता काकांनी सत्तरी ओलांडली आहे आणि पात्रं साठीची मिळतात, म्हणून तोच मेकअपदादा काळं लावतो. "मधली काही वर्षं माझे माझे केस होते," काका म्हणतात, "तेव्हा नेमकं काम कमी होतं."

कॉल टाइम सकाळी नऊचा. म्हणजे काका डोंबिवलीहून साडेसहाला निघणार, ठाण्याला उतरून घोडबंदर रोडला लागणार आणि गायमुखच्या घाटात अडकणार. त्या ट्रॅफिकमध्ये मराठी मालिकांतली किती सासरी आणि माहेरी एका वेळी अडकलेली असतात, ह्याची मोजदाद कोणी करत नाही. रिक्षात सासू, मागच्या गाडीत सून, पलीकडे बाइकवर तिचा मानसपुत्र. सगळे एकमेकांना हात करतात. सेटवर पोचल्यावर कळतं की काकांचा सीन संध्याकाळी सातला आहे. मधला वेळ मेकअप रूममध्ये. तिथं पंख्याखाली खुर्चीवर, जाकिटाला सुरकुती न पाडता झोपण्याची विद्या त्यांना साधलेली आहे.

सीनचा कागद येतो तो ऐन वेळी, तोही आता व्हॉट्सअ‍ॅपवर. पूर्वी तो निदान हातात यायचा. सुरुवातीला काकांना ह्याचा फार त्रास झाला. एकदा त्यांनी दिग्दर्शकाला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या पात्राचा भूतकाळ काय?" दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "काका, भूतकाळ चॅनेलकडून गुरुवारी येईल."

गुरुवार कशाचा ते सांगायला हवं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. पूर्वी टॅमचे यायचे, 2015 पासून बार्कचे येतात. आकडे बरे आले तर सेटवर सामोसे येतात, वाईट आले तर चॅनेलची माणसं. काका गुरुवारचा उपास करतात. विचारलं तर दत्ताचा आहे म्हणतात. काकूंचं म्हणणं, लग्न झालं तेव्हा हा उपास नव्हता, अल्फा मराठी सुरू झाल्यावर दत्तगुरूंनी दृष्टान्त दिला.

उपासावरून जेवणाकडे येतो, कारण त्याखेरीज हे चित्र पुरं होणार नाही. सगळ्यांत अवघड सीन कुठला, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. वाटलं, रडण्याचा म्हणतील. ते म्हणाले, "डायनिंगचा." मालिकेतलं कुटुंब ऊठसूट जेवायला बसतं, आणि आजवर त्या टेबलावर एकही जेवण पुरं झालेलं नाही. पानं वाढली की कोणीतरी दारात येऊन "थांबा!" म्हणतंच. तेव्हा सगळ्यांचे घास तोंडाजवळ थांबले पाहिजेत. आता हा थांबलेला घास मास्टरमध्ये एकदा, सासूच्या बाजूनं एकदा, सुनेच्या बाजूनं एकदा आणि मग चौदा क्लोजना चौदा वेळा. प्रत्येक वेळी तोच घास, तेवढाच, त्याच हातात, त्याच उंचीवर. असिस्टंट डायरेक्टर मुलगी मोबाइलमधला फोटो ताडून बघत फिरते. "काका, मगाशी वाटीत श्रीखंड काठोकाठ होतं. आता एवढंच कसं?" कसं म्हणजे काय? दिव्यांखाली श्रीखंडाचं पाणी होतं, आणि नवी पोरं भूक लागली की हळूच बोट घालतात. पुऱ्या सकाळी तळलेल्या. दुपारी चारला त्या वाकवून दाखवा म्हटलं तर मोडतात.

ह्यात जुन्या नटाचं कसब दिसतं. काकांचा नियम असा: पहिल्या टेकला जेवढा घास घ्याल तेवढाच दिवसभर घ्यावा लागतो, तेव्हा पहिलाच घास शिताएवढा घ्या. एका नवख्या मुलानं, नायिकेचा भाऊ होता, पहिल्याच टेकला अख्खी पुरी श्रीखंडात बुडवून तोंडात कोंबली. खूप नैसर्गिक वाटलं सगळ्यांना. पॅक अपपर्यंत त्यानं ते नैसर्गिकपण निभावलं आणि दुसऱ्या दिवशी नायिकेचा भाऊ गोष्टीत अचानक परीक्षेसाठी पुण्याला गेला. काका घासच घेत नाहीत. ते भात कालवतात. चार बोटांनी, सावकाश, विचारात गढल्यासारखा. कालवलेल्या भाताला कंटिन्युइटी नसते. ह्या कालवण्याला एका समीक्षकानं "संयत अभिनय" म्हटलं होतं, ते कात्रण त्यांनी जपून ठेवलंय.

घरी काकू पान वाढतात तेव्हाही त्यांचा हात तोंडाजवळ जाऊन क्षणभर थांबतो. "काही होणार नाहीये," काकू सांगतात, "खा."

सणांचंही तेच. मालिकेतले गणपती श्रावणात बसतात आणि दिवाळी पितृपक्षात होते, कारण भाग आधी चित्रित करून ठेवायचे असतात. घरात पक्ष पंधरवडा, आणि काका उटणं लावून अभ्यंगस्नानाच्या सीनला बसलेले. खरी दिवाळी येते तेव्हा सेटवर तुळशीचं लग्न लागत असतं. काकूंनी पाडव्याला ओवाळायला ताट तयार ठेवलं तर रात्री अकराला दारात उभे राहून हे म्हणणार, "हे झालं ना गं मागे?" मागे झालं ते एका दुसऱ्याच बाईनं ओवाळलेलं असतं, आणि तिला त्याचा पर डे मिळालेला असतो. काकू फुकट ओवाळतात.

पैशाचं म्हणाल तर पर डे म्हणजे दिवसाचा दर, आणि महिन्याला अमुक दिवस देऊ अशी बोली. पैसे हातात पडतात नव्वद दिवसांनी. चैत्रात धक्का बसला तर त्याचे पैसे आषाढात. ह्या पद्धतीला काका मनोमन शिव्या देतात, पण तिचा एक फायदाही सांगतात: मालिका बंद पडल्यावर तीन महिने घरात कळत नाही.

मरणाचा अभ्यास मात्र त्यांच्याइतका दुसऱ्या कोणी केला नसेल. मालिकेतलं मरण कुठल्या कुठल्या वाटेनं येतं आणि कुठून परत फिरवता येतं, ह्याचे दाखले त्यांच्या जिभेवर आहेत. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधल्या मिहिरला मारलं तेव्हा देशभरातल्या बायकांनी असा काही गहजब केला की चॅनेलला तो परत आणावा लागला. पुढं नट बदलले, मिहिर राहिला. अमेरिकेतल्या 'डॅलस'मध्ये बॉबी युइंग 1985 साली मेला, आणि वर्षभरानं त्याच्या बायकोनं न्हाणीघराचं दार उघडलं तर हा आत आंघोळ करतोय. मधलं सगळं वर्ष म्हणजे तिला पडलेलं स्वप्न होतं, असं सांगून मोकळे झाले. काका ही गोष्ट सांगताना थोडे गहिवरतात. पण त्यांचं खरं दैवत अण्णा नाईक. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये सुरू झाली तीच अण्णांच्या मृत्यूनं. जिथं दुसऱ्या कोणाची गोष्ट संपते तिथून ह्यांची सुरू. 2019 मध्ये दुसरं पर्व आलं ते मागच्या काळातलं, आणि मेलेले अण्णा त्यात असे काही उभे राहिले की माधव अभ्यंकरांचं नाव घराघरात गेलं. लोक सावंतवाडीजवळच्या आकेरीला तो वाडा बघायला जाऊ लागले. "हार घातलेल्या माणसानं मालिका खाल्ली," काका म्हणतात. तेव्हापासून आपल्या पात्राला मारायचं ठरलंच तर फोटो चांगला निवडा, एवढी त्यांची निर्मात्याकडे मागणी असते.

मरणाहून वाईट म्हणजे लीप. गोष्ट एकदम पंधरा-वीस वर्षं पुढं जाते. नायिकेच्या कानाशी एक रुपेरी बट येते, तान्ही मुलगी कॉलेजात जाते. जो मूळचाच पासष्टचा आहे त्यानं जायचं कुठं? तो पंच्याऐंशीचा होणार, म्हणजे खाटेला खिळणार, म्हणजे महिन्याला दोन दिवस काम. काका दोन लीप तरून गेले. पहिल्या वेळी त्यांनी लेखकाला पटवलं की योगासनं करणारा माणूस दिसतो तसाच राहतो. दुसऱ्या वेळी कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे दुसरं त्यांना जास्त लागलं.

त्यांचा एक पुतण्या मँचेस्टरला असतो. त्यानं सांगितलं की तिथल्या 'कॉरोनेशन स्ट्रीट' ह्या मालिकेत विल्यम रोच नावाचा नट केन बार्लो ह्या पात्राचं काम 9 डिसेंबर 1960 च्या पहिल्या भागापासून करत आलाय, आणि गिनेस बुकात त्याची नोंद आहे. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "साठ वर्षांत एकदाही त्याला अमेरिकेला नाही पाठवला?" त्या नटाचा फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी लावायचं त्यांच्या मनात होतं. काकूंनी मोडता घातला. "फोटो लावला की हार घालावा लागेल," म्हणाल्या. विषय तिथंच थांबला.

खरा घाला आला तो कोरोनाचा. 2020 च्या मार्चात शूटिंगं बंद झाली. उन्हाळ्याअखेर परवानगी आली ती एका अटीसकट: पासष्टच्या वरच्यांनी सेटवर यायचं नाही. आयुष्यभर पासष्टचं काम केलेल्या माणसाला खरोखर पासष्ट ओलांडल्याचा दंड झाला. गोष्टीतले सगळे आजी-आजोबा एका रात्रीत गावी अडकले. काकांचं पात्रही कोकणात अडकलं आणि डोंबिवलीच्या बेडरूममधून व्हिडिओ कॉलवर रिअ‍ॅक्शन देऊ लागलं. पाठीमागे निळी चादर, मोबाइल काकूंच्या हातात. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "हा शॉक मागच्यासारखाच झाला. अजून एक द्या." त्यांच्यात एक दिग्दर्शक दडला होता हे चाळीस वर्षांनी कळलं. पुढं काही ज्येष्ठ मंडळी कोर्टात गेली आणि 7 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला.

दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातली शूटिंगं पुन्हा बंद, तेव्हा युनिटं परराज्यांत गेली. काकांचं युनिट गोव्याला. आता सदाशिव पेठेतलं कुटुंब एकाएकी नारळाच्या झाडांत का, ह्याचं उत्तर लेखकानं चुटकीसरशी दिलं: कुलदैवताला आले. ते खोटंही म्हणता येत नाही, कितीतरी मराठी घरांची कुलदैवतं तिकडचीच. पण मे महिन्यात गोव्यात विरोध झाला, सरकारनं परवानग्या काढून घेतल्या आणि कुलदैवताचं दर्शन अर्धवट टाकून कुटुंब परत निघालं. काका त्यात एकटेच खूश होते. कोकणात अडकलेलं पात्र त्या निमित्तानं कुटुंबाला येऊन मिळालं होतं.

बिबट्याचं राहिलंच. गोरेगावची चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथं बिबटे येतात हे सगळ्यांना माहीत. 2023 च्या जुलैत एका मराठी मालिकेच्या सेटवर तर बिबट्या पिल्लासकट शिरला, बातम्यांतून गाजलं ते. काका त्या दिवशी तिथं नव्हते. पण ती चित्रफीत बघताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी आधी चष्मा काढला, आवंढा गिळला, मान सावकाश उजवीकडे वळवली आणि तीन सेकंद थांबले. मग भानावर आले.

बाहेर त्यांना मान आहे, नाही असं नाही. भाजीच्या गाडीवर बायका अडवतात. "काका, तुम्हाला सगळं माहितीय ना? मग सांगून का टाकत नाही सुनेला?" काका खरोखर ओशाळतात. त्यांना सगळं माहीत असतं हे खरं, गुपित पडद्याआडून ऐकणारे तेच असतात. पण सांगायला गेले की मध्येच फोन वाजतो, नाहीतर त्यांना चक्कर येते. गणपतीत मंडळं सुपारी देऊन नटांना बोलावतात. नायिका परवडत नाही, नायक तारखा देत नाही, मग काका. निवेदक मालिकेचं नाव चुकीचं सांगतो, कधी चॅनेलही चुकीचं. काका दुरुस्त करत नाहीत. शाल, श्रीफळ, पाकीट घेतात आणि लोकाग्रहास्तव पेपर खाली करून दाखवतात. टाळ्या पडतात. मला विचाराल तर त्या टाळ्या त्यांना आवडतात आणि त्यांची थोडी लाजही वाटते, कारण घरी परतताना रिक्षात ते हटकून राज्य नाट्य स्पर्धेचा विषय काढतात.

नट म्हणून ते थोर आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या हॉलमध्ये जिन्यावरून उतरणाऱ्या किती खलनायिका आल्या आणि तुरुंगात गेल्या, किती नायक विमान अपघातात हरवले, स्मृती गेली, परत आली. हे खांबापाशी उभेच. गोष्टीला ज्याच्याशिवाय चालत नाही त्याला गोष्ट कधीतरी गिळते, आणि ज्याच्यावाचून काहीच अडत नाही त्याला काढायचं कोणाच्या ध्यानात येत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. मागं एकदा नव्या लेखकानं उत्साहानं त्यांच्या पात्राला पूर्वायुष्यातलं प्रेमप्रकरण देऊ केलं होतं. काका हात जोडून म्हणाले, "नको रे बाबा. ट्रॅक आला की तो संपतो."

सध्या त्यांची नवी मालिका सुरू आहे. नायिकेचे आजेसासरे आहेत, आणि तब्येत उत्तम आहे. भेटले कुठं तर पुढं काय होणार हे त्यांना विचारू नका, त्यांना ते ठाऊक नसतं. त्याऐवजी त्या तारवाल्या पोस्टमनबद्दल विचारा. मात्र हाताशी तासभर असेल तरच.